डिसेंबरात बफेलोला येणारे आई-बाबा आणि हिमवादळ: तिकीट, वाट आणि घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा सांगलीचे, वय ६८ आणि ७२, बाबांना मधुमेह असून इन्सुलिन चालू आहे. दोघांचाही हा पहिलाच अमेरिका प्रवास. २० डिसेंबरच्या सुमारास ते तुमच्याकडे न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला पोचावेत अशी तुमची इच्छा आहे. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक, मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–बफेलो असे सलग तिकीट. दुसरा, मुंबई–नेवार्क (न्यू जर्सी) थेट विमान आणि तिथून तीन तासांनी सुटणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे स्वस्त, वेगळे तिकीट. वाटेत हिमवादळ गाठले तर काय करायचे आणि यातले कोणते तिकीट घ्यावे?

आधी उत्तर सांगते, कारणे मागाहून. दोन्ही घेऊ नका. मुंबई–नेवार्क थेट विमान घ्या, न्यू जर्सीत ओळखीच्या घरी दोन रात्री मुक्काम ठेवा आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या विमानाने त्यांना बफेलोला आणा. तारीख १० डिसेंबरच्या आत घ्या, नाहीतर सरळ ५ जानेवारीच्या पुढे न्या.

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांची तिकिटे काढणे हेच माझे ठाण्यातले काम. इतक्या हिवाळ्यांनंतर माझे मत पक्के झाले आहे. वादळ कधी येईल ते आपल्या हातात नसते, पण त्यात आई-बाबा कुठे अडकतील हे बऱ्याच अंशी तिकीट काढतानाच ठरते. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एखाद्या घरात वरणभात खाऊन दोन दिवस जास्त राहिले तर काही बिघडत नाही. शिकागोच्या विमानतळावर लोखंडी हाताच्या खुर्चीत रात्र काढावी लागली तर ७२ वर्षांच्या मधुमेही माणसाचे बरेच बिघडते.

आता बफेलोचा बर्फ, कारण तारीख त्यावरच ठरते. बफेलो ज्याच्या काठावर आहे त्या ईरी सरोवराचे पाणी नोव्हेंबर-डिसेंबरातही उन्हाळ्याची थोडी ऊब धरून असते. कॅनडाकडून येणारी गोठवणारी हवा त्या पाण्यावरून जाताना बाष्प उचलते आणि किनारा लागला की बर्फ ओतत सुटते. हा पट्टा अरुंद असतो. शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत कमरेएवढा बर्फ आणि त्याच दिवशी उत्तरेच्या ॲमहर्स्ट उपनगराकडे जेमतेम वीतभर, असे होते. म्हणून विमानतळ चालू आहे एवढ्यावरून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता चालू आहे असे धरून चालू नका. ईरी हे पाच महासरोवरांतले सर्वांत उथळ सरोवर आहे. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत ते गोठू लागले की सरोवराच्या वाफेवर पोसला जाणारा हा बर्फ पुष्कळ कमी होतो. थंडी राहतेच, पण ती कपड्यांनी भागते.

२० डिसेंबर मला नको आहे त्याला आणखी एक कारण आहे. त्या दिवसांत अमेरिकेतली विमाने नाताळसाठी गच्च भरलेली असतात. एरवी विमान रद्द झाले तर संध्याकाळच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या विमानात दोन जागा निघतात. नाताळच्या आठवड्यात त्या जागाच नसतात आणि एका दिवसाच्या वादळासाठी माणूस चार-पाच दिवस लटकतो. डिसेंबर २०२२ आठवून पाहा. बफेलोचा विमानतळ २३ तारखेला बंद झाला तो २८ तारखेलाच उघडला. हिमवादळाची स्थिती सलग ३७ तास टिकली आणि विमानतळावर एकूण ५१.९ इंच बर्फ मोजला गेला. त्याच वादळात साउथवेस्ट एअरलाइन्सचे वेळापत्रक असे कोलमडले की डिसेंबरच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत त्यांची १६,७०० हून अधिक उड्डाणे रद्द झाली. वादळ तर ओसरले होते. पण विमाने एका शहरात, वैमानिक दुसऱ्या शहरात आणि त्यांची जुळणी करणारी यंत्रणा इतका गोंधळ पेलू शकली नाही. पुढे अमेरिकेच्या वाहतूक खात्याने त्या कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड केला. आकाश निवळले म्हणजे विमान सुटले, असा अर्थ कधीच काढू नका.

आता तिकिटाकडे येऊ. तुमच्या दुसऱ्या पर्यायात दोन वेगळे पीएनआर, म्हणजे बुकिंग क्रमांक, आहेत. नेवार्कचे विमान चार तास उशिरा उतरले तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आई-बाबा आलेच नाहीत. पैसे गेले आणि नवे तिकीट त्या दिवशीच्या भावाने. पहिली कंपनी म्हणेल, आम्ही तुम्हाला नेवार्कला पोचवले, आमचे काम झाले. मधला वेळ तीन तासांचा असेल तर वेगळे तिकीट काढू नये, हे मी प्रत्येकाला सांगते. मधे दोन रात्रींचा मुक्काम असेल तर मात्र तेच वेगळे तिकीट चालते, कारण पहिले विमान दिवसभर उशिरा आले तरी दुसरे चुकत नाही. मुक्काम शक्यच नसेल तर एकाच पीएनआरवर नेवार्कमार्गे बफेलो घ्या आणि मधे किमान पाच तास ठेवा.

सलग तिकिटातही एक खाच आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. समजा नेवार्कला आई-बाबा उतरले, पुढच्या विमानाला खूप उशीर आहे आणि तुमचा चुलत भाऊ म्हणाला, मीच गाडीने घेऊन येतो. ते नेवार्क–बफेलो विमानात बसले नाहीत तर संगणक त्यांना गैरहजर धरतो आणि पुढचा सगळा प्रवास, म्हणजे परतीचे तिकीटसुद्धा, आपोआप रद्द होऊ शकतो. दोन-तीन महिन्यांनी परतीला निघताना ते कळते. तेव्हा असा बदल करायचाच असेल तर विमान सुटण्याआधी कंपनीशी बोला, तो टप्पा सोडल्याची नोंद करून घ्या आणि परतीचे तिकीट शाबूत असल्याचा ईमेल हाती आल्याशिवाय विमानतळ सोडू नका.

फ्रँकफर्टबद्दल. युरोपातून निघणारे विमान वादळाने रद्द झाले तरी जेवणाची आणि राहण्याची सोय कंपनीने करावी असा तिथला नियम आहे. रोख भरपाई मात्र हवामानाच्या कारणासाठी मिळत नाही. ऐकायला हे चांगले वाटते. पण अमेरिकेच्या व्हिसावर फ्रँकफर्टच्या ट्रान्झिटमधून जाता येते, विमानतळाबाहेरच्या हॉटेलात जायला मात्र युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो. तो नसला की मुक्काम आतल्या बाकांवर. अमेरिकेत वादळामुळे विमान रद्द झाले तर हॉटेल देण्याचे बंधन कंपनीवर नाही. कोणी दिले तर घ्या, गृहीत धरू नका. दिल्लीमार्गे तिकीट स्वस्त पडते म्हणून तिकडे वळलात तर डिसेंबर-जानेवारीचे दाट धुके आड येते. अमेरिकेचे वादळ राहिले दूर, प्रवास दिल्लीतच अडतो.

आणि टोरांटो! बफेलोपासून दोन तासांवर, म्हणून वादळात कंपनीचा संगणक अगदी सहज टोरांटोमार्गे नवे तिकीट बनवून पाठवतो. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नसेल तर त्या मार्गाने नुसते विमान बदलण्यासाठीसुद्धा जाता येत नाही. नवे तिकीट आले की आधी मधले विमानतळ वाचा, मग होकार द्या. त्याच वेळी आणखी एक तपासा. तिकीट नव्याने निघाले, विशेषतः दुसऱ्या कंपनीवर गेले, की व्हीलचेअरची मागणी आणि शाकाहारी जेवणाची नोंद बऱ्याचदा गळून पडते. ती पुन्हा घालून घ्यावी लागते. इंग्रजी बोलायला संकोच असलेल्या आई-बाबांना व्हीलचेअरचा खरा उपयोग चालण्यासाठी नसतोच. सोबत वाट माहीत असलेला माणूस राहतो, तो उपयोग मोठा. वादळाच्या दिवशी हे मदतनीसही कमी पडतात आणि प्रवाशाला गेटजवळ बसवून दुसरीकडे जातात. म्हणून आई-बाबांना सांगून ठेवा: बसवून गेले तर दर अर्ध्या तासाने काउंटरवर बोर्डिंग पास दाखवायचा, कारण गेट बदलते.

वादळाच्या दोन-तीन दिवस आधी बहुतेक कंपन्या 'ट्रॅव्हल वेव्हर' जाहीर करतात. म्हणजे ठरावीक विमानतळांसाठी, ठरावीक दिवसांत तारीख फुकट बदलून मिळते. तो दिसला की त्याच तासाला तारीख बदला, कारण मागे रांग लागलेली असते. पण स्वतःहून तिकीट रद्द मात्र करू नका. कंपनीने उड्डाण रद्द केले आणि तुम्ही पर्यायी विमान नाकारले तर अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांचे न वापरलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात, कारण हवामानाचे असले तरी. वेळ देशांतर्गत तीन तासांहून किंवा आंतरराष्ट्रीय सहा तासांहून जास्त बदलली तरी हाच हक्क लागू होतो. तुम्ही आधीच रद्द केलेत तर हा हक्क गेला. आणि कंपनी पैशांऐवजी व्हाउचर पुढे करते, तेव्हा शांतपणे पैसेच मागा.

एक साधी गोष्ट आजच तपासा: बुकिंगमध्ये मोबाइल नंबर कोणाचा आहे? पोर्टलवरून किंवा आमच्यासारख्यांकडून काढलेल्या तिकिटात पुष्कळदा एजंटाचाच नंबर जातो, नाहीतर बाबांचा सांगलीचा, जो विमानात बंद असतो. रद्द झाल्याचा संदेश तिथेच पडून राहतो. तुमचा अमेरिकेतला नंबर आणि ईमेल त्यात घाला. आई-बाबांच्या भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा, कारण कार्डाचा ओटीपी त्यावरच येतो.

नेवार्कला उतरल्यावर इमिग्रेशन होते, मग पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचे आणि पुढच्या विमानासाठी त्या पुन्हा द्यायच्या. सलग तिकीट असेल तर हा क्षण महत्त्वाचा. बॅगा देण्याआधी फलकावर पुढचे विमान बघायचे. ते रद्द झाले असेल तर बॅगा हातातून सोडायच्या नाहीत, आधी विचारायचे. एकदा पट्ट्यावर गेलेली बॅग वादळात दोन-चार दिवस सापडत नाही आणि सगळे स्वेटर तिच्यातच असतात.

म्हणून केबिन बॅगेत काय असावे ते नीट सांगते. दोघांची निदान तीन आठवडे जास्तीची औषधे मूळ पाकिटांसह, डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर, चिठ्ठीवर औषधांची जेनेरिक नावे. इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोमीटर हातातच. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोजे आणि एक जाड जॅकेट अंगावर किंवा हातात. खायला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, राजगिऱ्याची वडी आणि बाबांची साखर उतरली तर चार ग्लुकोजच्या गोळ्या. मेतकूट आणि भाजणी मात्र चेक-इनच्या सामानात टाका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातात असली की तपासणीत अडकते, कधी काढूनही ठेवतात. कस्टम्सच्या प्रश्नाला 'खाण्याचे पदार्थ आहेत' असेच उत्तर द्यायचे. ताजी फळे विमानातच संपवायची.

दोघांच्या खिशात एकेक चिठ्ठी हवी, जाड कागदावर, मोठ्या अक्षरात, इंग्रजीत. एकाच्याच खिशात ठेवली तर गर्दीत दोघे वेगळे झाल्यावर दुसऱ्याकडे काही उरत नाही. तिच्यावर पासपोर्टवरचे नाव, पीएनआर, तुमचा पत्ता आणि फोन, न्यू जर्सीतल्या माणसाचा फोन, आणि (मधुमेहाचे वाक्य फक्त बाबांच्या चिठ्ठीवर) 'मला मधुमेह आहे, मी शाकाहारी आहे, मला व्हीलचेअर हवी आहे, कृपया या नंबरवर माझ्या मुलीला फोन लावून द्या.' ही चिठ्ठी दाखवल्यावर काउंटरवरचा माणूस स्वतःच्या फोनवरून मुलीला फोन लावून देतो, हे मी अनेक घरांकडून ऐकले आहे.

विमान सुटण्याआधी पंखांवर नारिंगी, मग हिरव्या द्रवाचे फवारे मारताना दिसतील. पहिल्याने साठलेला बर्फ उतरतो, दुसऱ्याने नवा धरत नाही. दुसऱ्याचा परिणाम मर्यादित वेळच टिकतो, म्हणून रांग लांबली की पुन्हा फवारणी होते आणि उशीर वाढतो. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर विमानात काही बिघाड झाला असे वाटून जीव टांगणीला लागतो.

विमा भारतातून निघण्याआधी घ्या आणि तो वादळाची बातमी येण्याआधी घ्या. माहीत झालेल्या वादळासाठी घेतलेला विमा सहसा उशिराचा खर्च देत नाही. उशीर झाल्याचे कंपनीचे पत्र किंवा ईमेल जपून ठेवा.

आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. आई-बाबा नेवार्कला आणि बफेलोचे विमान रद्द, अशा वेळी गाडी काढून आणायला जाऊ नका. निरभ्र दिवशीही ते अंतर सहा-साडेसहा तासांचे आहे. २०२२ च्या त्या वादळात बफेलो परिसरात ४० हून अधिक माणसे गेली. त्यातली कित्येक गाडीत किंवा रस्त्यावर सापडली, काही वीज गेलेल्या घरात, आणि काहींपर्यंत रुग्णवाहिका पोचूच शकली नाही. त्याच दिवसांत बफेलोजवळच्या विल्यम्सव्हिलमध्ये कोरियन पर्यटकांची एक व्हॅन बर्फात रुतली. ते फावडे मागायला एका घराच्या दारात गेले आणि त्या जोडप्याने सगळ्यांना आत घेऊन मुक्कामाला ठेवून घेतले. शेजारधर्म तिथेही आहे. पण त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर आणायचे नाही. कौंटीने (जिल्हा प्रशासनाने) वाहनबंदी जाहीर केली असेल तर प्रश्नच मिटला. अडकलात तरी गाडी सोडून चालत निघू नका. गाडीच्या धूर सोडणाऱ्या नळीभोवतीचा बर्फ काढा, तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवा आणि काच थोडी उघडी ठेवा.

एकदा ते घरी पोचले की आपण निर्धास्त होतो, पण वयस्कर माणसाला खरा धोका पुष्कळदा घरातच असतो. गॅसवर चालणारी हीटिंग यंत्रणासुद्धा पंख्यासाठी विजेवर अवलंबून असते, त्यामुळे वीज गेली की घर थंड होऊ लागते. अशा वेळी आपल्याकडची सवय म्हणून आई शेगडी पेटवायचे सुचवील, कोणी बार्बेक्यू आत आणील, कोणी गॅसची चूल तासभर जळती ठेवील. यातले काहीही करू द्यायचे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली तेव्हा उबेसाठी घरात किंवा गॅरेजात काही पेटवून, गाडी चालू ठेवून माणसे दगावली. झोपायच्या खोलीबाहेर बॅटरीवर चालणारा अलार्म असलाच पाहिजे. तो चालतो का, हे त्यांच्या येण्याआधी बटण दाबून पाहा. सगळ्यांनी एका खोलीत यायचे, दाराच्या फटीत टॉवेल, अंगावर थरावर थर. नळ थेंब थेंब चालू ठेवा म्हणजे पाइप गोठून फुटत नाही.

बाबांबद्दल दोन शब्द. रोज पहाटे फिरायला जाणारे सांगलीचे बाबा तिसऱ्या दिवशी कंटाळतात आणि 'मी जरा दारातला बर्फ काढतो' म्हणतात. थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि फावड्याचे अचानक जड काम, यात हृदयविकाराचा झटका येतो. दरवर्षी येतो. त्यांना काम हवे असेल तर घरातले द्या. दारातल्या फरशीवर काचेसारखा पारदर्शक बर्फ असतो, आपल्याकडचे स्पोर्ट्स शूज त्यावर सरळ घसरतात, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर अख्खी भेट इस्पितळात जाते. रबरी पकडीचे बूट तिथेच घ्या, इथून नेऊ नका. इन्सुलिन गाडीत विसरू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसले तरी टाकूनच द्यायचे.

राहिली परतीची तारीख. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर, साधारण सहा महिने मिळतात. परतीचे तिकीट त्या अखेरच्या दिवसाला टेकवू नका, निदान तीन आठवडे आधीचे घ्या. वादळाने विमान रद्द होऊन मुदत ओलांडायची वेळ येईल असे दिसले तर मुदत संपण्याआधीच मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज दाखल करायचा. मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहिल्यास तो व्हिसा बाद ठरू शकतो आणि पुढच्या भेटीसाठी पुन्हा मुंबईच्या मुलाखतीपासून सुरुवात. तुमच्या बाबतीत जानेवारीत येऊन मेमध्ये परतले तर जाताना बर्फाचा प्रश्न राहत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये नायगारा त्यांना नीट पाहताही येईल. न्यू जर्सीत कोणाकडे उतरता येईल ते तिकीट काढण्याआधी फोन करून पक्के करा. कोणीच नसेल तर तसे कळवा. मग नेवार्क विमानतळाजवळ, फुकट शटल असलेल्या हॉटेलात दोन रात्री धरून मी तारखा मांडून देते.